मेंदूपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत: मज्जासंस्थेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लकवा, हातापायाला येणाऱ्या मुंग्या, ‘मणक्यातली गॅप’, विंचवाचं विष, मधुमेहात बधिर होणारे तळपाय. वरवर या तक्रारींचा एकमेकींशी संबंध दिसत नाही, पण त्या सगळ्या एकाच यंत्रणेच्या आहेत. ती समजून घ्यायची असेल तर एकच प्रश्न धरून ठेवावा: निरोप कुठून निघाला, कुठे जायचा होता आणि वाटेत नेमका कुठे अडला? न्यूरोलॉजिस्ट रुग्ण तपासताना आधी हेच शोधतात. रोगाचं नाव त्यानंतर येतं.

मज्जासंस्था आणि चेतासंस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?

नाही, एकच. शाळेच्या पुस्तकात चेतासंस्था म्हणतात, दवाखान्यात आणि वर्तमानपत्रात मज्जासंस्था. तिचे दोन मोठे भाग आहेत. कवटीतला मेंदू आणि मणक्यांच्या आतला मज्जारज्जू मिळून केंद्रीय मज्जासंस्था होते. तिथून निघून शरीरभर पसरलेले मज्जातंतू म्हणजे परिघीय मज्जासंस्था. मेंदूतून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंच्या १२ जोड्या आहेत आणि मज्जारज्जूतून निघणाऱ्या ३१.

कामाच्या दृष्टीने पाहिलं तर काही तंतू बाहेरची खबर आत आणतात आणि काही आतला हुकूम स्नायूंपर्यंत पोचवतात. येणारी आणि जाणारी वाट वेगळी आहे, हे लक्षात ठेवा. पुढची बरीच कोडी त्यावरच सुटतात.

आपण मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो, हे खरं आहे का?

अजिबात नाही. मोठ्या माणसाच्या मेंदूचं वजन साधारण १,३०० ते १,४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या जेमतेम दोन टक्के. पण शरीर विश्रांतीत असताना खर्च होणाऱ्या ऊर्जेतला सुमारे २० टक्के वाटा हा एकटा अवयव घेतो. इतका खर्चिक अवयव नव्वद टक्के रिकामा ठेवणं कुठल्याही सजीवाला परवडलं नसतं. मेंदूच्या अगदी छोट्या भागाला इजा झाली तरी काही ना काही बिघडतं, ते याचमुळे.

मेंदूत चेतापेशी किती, याचं उत्तर बरीच वर्षं ‘शंभर अब्ज’ असं ठोकून दिलं जायचं. ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हाऊझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूची ऊती विरघळवून तिचा एकजीव द्रव केला, त्यातली पेशीकेंद्रकं मोजली आणि २००९ मध्ये आकडा दिला: सुमारे ८६ अब्ज, म्हणजे ८,६०० कोटी. त्यातल्या जवळपास ८० टक्के पेशी डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या छोट्या मेंदूत निघाल्या. वजनाने तो एकूण मेंदूच्या दहाव्या हिश्श्याएवढा आहे.

चेतापेशी दिसते कशी?

मधे पेशीचं मुख्य अंग, त्यातून फुटलेल्या बारीक फांद्या आणि एक लांब तंतू. फांद्यांना वृक्षिका म्हणतात, त्या निरोप घेतात. लांब तंतू म्हणजे अक्षतंतू, तो निरोप पुढे नेतो. पेशीचं मुख्य अंग मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान असतं, पण कमरेजवळून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा तिचा तंतू मीटरभर लांब असू शकतो. या लांबीची किंमत मधुमेहात मोजावी लागते. त्याबद्दल पुढे.

हे चित्र सहज हाती आलेलं नाही. १८७३ मध्ये इटलीच्या कॅमिलो गॉल्जी यांनी चांदीच्या क्षारांनी पेशी रंगवण्याची पद्धत शोधली. तिच्यात शेकड्यातल्या मोजक्याच पेशी रंगतात, पण ज्या रंगतात त्या टोकापर्यंत काळ्याभोर दिसतात. त्यामुळेच त्या गर्दीत एकेक पेशी वेगळी ओळखता आली. स्पेनच्या सांतियागो रामोन ई काहाल यांनी तीच पद्धत वापरून वर्षानुवर्षं चित्रं काढली आणि सांगितलं की प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे. गॉल्जी मात्र ते सगळं एकसंध जाळं मानत होते. १९०६ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं आणि गॉल्जींनी नोबेल व्याख्यानातही आपलं जुनंच मत मांडलं. काहाल बरोबर होते. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दोन पेशींमधली फट प्रत्यक्ष दिसली.

निरोप विजेचा असतो म्हणजे आपल्या शरीरात करंट वाहतो का?

घरातल्यासारखा नाही. चेतापेशीच्या बाहेर सोडियम जास्त असतं, आत पोटॅशियम जास्त. पेशीपटलावरचे पंप सतत तीन सोडियम बाहेर टाकतात आणि दोन पोटॅशियम आत घेतात. स्वस्थ पेशीची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. निरोप आला की पटलावरची सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतं आणि क्षणभर ती जागा धन होते. लगेच पोटॅशियम बाहेर पडून पेशी पूर्ववत होते. हा सगळा प्रकार सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास आटपतो. एका जागचा हा बदल शेजारची दारं उघडतो, ती त्यापुढची, आणि असा निरोप तंतूभर सरकत जातो.

निरोप अर्धा किंवा पाव नसतो. तो जातो किंवा जात नाही. मग हलका स्पर्श आणि जोराचा दाब यांतला फरक मेंदूला कसा कळतो? सेकंदाला किती निरोप आले यावरून, आणि किती तंतूंमधून आले यावरून.

हे गणित ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी १९५२ मध्ये मांडलं, तेही माखळीच्या भाईबंद स्क्विडवर प्रयोग करून. त्या प्राण्याचा एक अक्षतंतू जवळपास मिलिमीटरभर जाड असतो, त्यामुळे त्याच्या आत तार घालून मोजमाप करता आलं. १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तुमचा याच्याशी संबंध दातांच्या दवाखान्यात येतो. दाढ काढण्याआधी दिलेलं लिग्नोकेन नेमकी ही सोडियमची दारं बंद करतं. दाढ दुखावतेच, पण खबर पुढे जात नाही.

निरोप किती वेगाने जातो?

सगळे सारख्या वेगाने जात नाहीत. जाड आणि मेदाचं वेष्टण असलेल्या तंतूंमध्ये वेग सेकंदाला १२० मीटरपर्यंत जातो. हे वेष्टण म्हणजे मायलिन. विजेच्या तारेवर प्लास्टिक असतं तसं ते तंतूभोवती गुंडाळलेलं असतं, फक्त मधेमधे ठरावीक अंतरावर जागा मोकळी असते आणि निरोप एका मोकळ्या जागेवरून पुढच्या जागेवर उडी मारत जातो. वेष्टण नसलेल्या बारीक तंतूंमध्ये मात्र सेकंदाला अर्धा ते दोन मीटर एवढाच वेग.

पुढच्या वेळी पायाचं बोट उंबऱ्याला ठेचकाळलं की नीट लक्ष द्या. बोट आपटल्याचं तात्काळ कळतं, तीक्ष्ण कळ त्याच्या पाठोपाठ येते आणि ती ठणकणारी, जीव कळवळवणारी वेदना सेकंदभराने पोचते. ती मागे राहते कारण ती बिनवेष्टणाच्या तंतूंतून येते आणि तिला मीटरभर चालून यायचं असतं.

हा वेग मोजताच येणार नाही असं एकोणिसाव्या शतकातल्या भल्याभल्यांना वाटायचं. हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५० च्या सुमारास बेडकाच्या पायावर तो मोजून दाखवला: सेकंदाला साधारण २७ मीटर.

एका पेशीतला निरोप दुसरीत कसा जातो? मधे फट आहे ना?

फट मिलिमीटरच्या काही लाखांश भागांएवढी असते. बहुतेक ठिकाणी ती वीज ओलांडत नाही, रसायन ओलांडतं. १९२१ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राट्झ इथे ऑटो लोवी यांनी दोन बेडकांची धडधडती हृदयं दोन भांड्यांत ठेवली. पहिल्याच्या व्हेगस मज्जातंतूला (मेंदूतून हृदयाकडे येणाऱ्या) विजेने चेतवलं तसं ते मंदावलं. त्याच्या भोवतीचा द्रव काढून दुसऱ्या हृदयावर घातला, तर तेही मंदावलं, त्याच्या मज्जातंतूला हातही न लावता. द्रवात उतरलेलं ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलिन. माझ्या मते शरीरशास्त्रातला याहून देखणा प्रयोग सापडणं कठीण.

अशी अनेक रसायनं आहेत. ग्लुटामेट पुढच्या पेशीला चेतवतं, गाबा शांत करतं. मेंदूतल्या एका खोल भागात डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत गेल्या की कंपवात होतो: हात थरथरतो, चाल मंदावते, चेहरा निर्विकार होतो. डोपामिनच गोळीतून का देत नाहीत? कारण रक्तातून मेंदूत शिरणारे पदार्थ अडवणारा जो पडदा आहे, तो डोपामिनला आत सोडत नाही. म्हणून त्याच्या आधीच्या टप्प्यातलं लेव्होडोपा देतात, ते आत जातं आणि तिथे त्याचं डोपामिन होतं. आपल्या रानातल्या खाजकुहिलीच्या बियांत लेव्होडोपा असतं हे खरं आहे. पण बीमध्ये ते किती हे ठरलेलं नसतं, त्यामुळे डॉक्टरांच्या गोळ्या बंद करून चूर्ण सुरू करण्याच्या फंदात पडू नका.

विंचू, नाग आणि मण्यार यांचं विष मज्जासंस्थेवर काय करतं?

तिघं निरोपाच्या वाटेवर तीन वेगवेगळ्या ठिकाणी घाव घालतात.

कोकणातल्या लाल विंचवाचं विष सोडियमची दारं वेळेवर बंद होऊ देत नाही. एकदा निघालेला निरोप थांबतच नाही. शरीर आणीबाणीत वापरतं ते सगळे मज्जातंतू एकदम पेटून उठतात: दरदरून घाम, उलट्या, हातपाय बर्फासारखे गार, रक्तदाब भरमसाट, आणि शेवटी थकलेलं हृदय मागे पडून फुप्फुसात पाणी. एके काळी रायगड-रत्नागिरीकडे विंचवाने धडधाकट पोरं जायची. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्णांच्या उशाशी रात्र-रात्र बसून हे सारं टिपलं. रक्तवाहिन्या सैल करणारं प्राझोसिन हे रक्तदाबाचं स्वस्त औषध इथे लागू पडेल हे त्यांनी ताडलं आणि तसं करून दाखवलं. ते काम ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि विंचूदंशाने होणारे मृत्यू झपाट्याने घटले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मज्जासंस्थेची वाट नीट समजली तर साध्या गोळीने जीव वाचतो, याचं याहून मोठं उदाहरण मला तरी महाराष्ट्रात दिसत नाही.

नागाच्या विषाचा घाव मज्जातंतू आणि स्नायू यांच्या मधल्या फटीवर पडतो. ॲसिटिलकोलिन निघतं, पण स्नायूवरची त्याची जागा विषाने अडवलेली असते. मण्यार फटीच्या अलीकडे, मज्जातंतूच्या टोकावरच वार करते, त्यामुळे रसायन निघणंच बंद होतं. मण्यार बहुधा रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दंश इतका हलका की कित्येकदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, श्वास थकतो. असा माणूस निपचित दिसला तरी आतून शुद्धीवर असू शकतो, त्याला आजूबाजूचं बोलणं ऐकू येत असतं. मेंदू शाबूत आहे, फक्त हुकूम स्नायूंपर्यंत पोचत नाही. प्रतिविष आणि वेळेवर मिळालेला व्हेंटिलेटर यांनी असे रुग्ण चालत घरी जातात. मांत्रिकाकडे गेलेले तास परत मिळत नाहीत.

मेंदूचा कुठला भाग काय काम करतो?

मोठ्या मेंदूचा पुढचा भाग बेत आखतो, आवर घालतो. त्याच्या मागच्या कडेला हालचालींचे हुकूम सुटतात. त्याला लागूनच मागे स्पर्शाच्या खबरा येतात, कानाजवळच्या बाजूला ऐकणं आणि आठवणी, पार मागे दृष्टी. छोटा मेंदू तोल आणि हालचालींची सफाई राखतो. दारू प्यायलेल्याची चाल अडखळते, कारण दारूचा या भागावर चटकन परिणाम होतो. खाली मानेकडे उतरणारा देठ श्वास, हृदयाची गती आणि जाग सांभाळतो.

बोलण्याची जागा पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये पॅरिसमध्ये दाखवली. त्यांच्या रुग्णाला सांगितलेलं समजायचं, पण तोंडातून ‘टॅन’ एवढंच निघायचं. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात इजा आढळली. मात्र कप्पे पाडून मेंदू पूर्ण समजत नाही. साधं नाव आठवायलाही अनेक भाग एकत्र कामाला लागतात.

मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. म्हणून काही शस्त्रक्रिया रुग्णाला जागं ठेवून, त्याच्याशी बोलत करता येतात. डोकं दुखतं ते मेंदूभोवतीच्या आवरणांमुळे, रक्तवाहिन्यांमुळे आणि स्नायूंमुळे.

डाव्या मेंदूला मार बसला तर उजवी बाजू का लुळी पडते?

हुकूम नेणारे बहुतेक तंतू मेंदूच्या देठाच्या तळाशी बाजू बदलतात. डाव्या मेंदूतला हुकूम उजव्या हातापायाला जातो, आणि बहुतेकांची भाषाही डावीकडेच असते. त्यामुळे उजवं अंग गेलेल्या रुग्णाचं बोलणंही जाताना दिसतं. ‘डाव्या मेंदूची माणसं हिशेबी, उजव्या मेंदूची कलावंत’ या वर्गवारीला मात्र काही आधार नाही.

तोंड वाकडं झालं म्हणजे लकवाच का?

नेहमी नाही. चेहऱ्याच्या एका बाजूचा मज्जातंतू सुजला तरी तोंड वाकडं होतं. फरक कपाळावर दिसतो. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतात, म्हणून मेंदूत बिघाड असेल तर ओठ वाकडा होतो पण दोन्ही भुवया वर जातात. मज्जातंतूतच बिघाड असेल तर त्या बाजूची भुवई उचलत नाही आणि डोळाही मिटत नाही. हे समजून घेण्यापुरतं. निदान घरी करू नका, थेट दवाखाना गाठा.

लकव्यात वेळेला इतकं महत्त्व का?

बहुतेक लकव्यांत मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते. मोठी वाहिनी बंद झाली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा जेफ्री सेव्हर यांचा २००६ मधला हिशेब आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना याची खात्री करावी लागते. चेहरा एकीकडे ओघळला, एक हात उचलत नाही, बोलणं अडखळलं, यांपैकी एक जरी अचानक दिसलं तरी १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय गाठा. माणूस शेवटचा ठीकठाक किती वाजता होता, ते लिहून ठेवा. डॉक्टर पहिलं तेच विचारतील. तोंडात पाणी, गोळी काहीही घालू नका. मालिश, पाला, गावठी औषध यांत पहिला दिवस गेला की उरतो तो फक्त फिजिओथेरपीचा लांबचा रस्ता.

सिझेरियनच्या वेळी पाठीत दिलेल्या सुईने मज्जारज्जूला इजा होते का?

ही भीती घरोघरी आहे. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू साधारण ४५ सेंटिमीटर लांब असतो आणि कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. पाठीचा कणा मात्र त्याच्या बराच खाली जातो. सुई त्याखाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधे घालतात. तिथे मज्जारज्जू नसतो, द्रवात सुटे लोंबणारे मज्जातंतू असतात आणि ते सुईच्या वाटेतून सहसा बाजूला सरकतात. काही दिवस डोकं दुखू शकतं, टोचल्या जागी दुखू शकतं. पण बाळंतपणानंतर वर्षानुवर्षं कंबर दुखतेय त्याचं खापर सुईवर फोडलं जातं, तेव्हा खरं कारण बहुधा सैल पडलेले स्नायू, वाकून बाळाला घेणं आणि विश्रांती न मिळणं हेच असतं. त्या बाईला व्यायाम आणि घरच्यांची मदत हवी असते.

‘मणक्यात गॅप आहे’ म्हणजे नेमकं काय?

बहुतेक वेळा दोन मणक्यांमधली गादी झिजलेली किंवा सरकलेली असते. तिने मज्जातंतूचं मूळ दाबलं तर कळ पार्श्वभागातून मांडीमागून पोटरीपर्यंत जाते, तीच सायटिका. दुखणं पायात असतं, अडचण कमरेत. वय वाढेल तशा एमआरआयमध्ये झिजलेल्या गाद्या कसलाही त्रास नसणाऱ्यांतही दिसतात, म्हणून नुसत्या रिपोर्टने घाबरू नका. पण कंबरदुखीबरोबर लघवी अडली, बसण्याची जागा बधिर झाली किंवा पायातली ताकद गेली, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.

गरम तव्याला हात लागला की विचार करण्याआधीच तो मागे येतो, तो कसा?

खबर मज्जारज्जूत पोचते आणि हुकूम तिथूनच सुटतो. मेंदूला ‘भाजलं’ हे नंतर कळतं. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात तेव्हा अशीच एक वाट तपासतात. पाय उडालाच नाही तर बिघाड बहुधा मज्जातंतूत किंवा त्याच्या मुळाशी, वाजवीपेक्षा जोरात उडाला तर त्याच्या वर, मज्जारज्जूत किंवा मेंदूत.

पोलिओ, कुष्ठरोग आणि जीबीएस (गिया-बारे सिंड्रोम) हे तिन्ही मज्जासंस्थेचेच आजार आहेत का?

हो, आणि तिन्ही शेजारी ठेवले की येणारी आणि जाणारी वाट वेगळी आहे हे लख्ख दिसतं.

पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या हुकूम सोडणाऱ्या पेशी मारतो. पाय लुळा पडतो, बारीक होतो, पण त्याला स्पर्श कळतो, चिमटा काढला तर दुखतो. खबर येते, हुकूम जात नाही.

कुष्ठरोगाचे जंतू परिघीय मज्जातंतूंभोवतीच्या, मायलिन तयार करणाऱ्या पेशींमध्ये घर करतात. त्वचेवरचा फिकट चट्टा बधिर होतो. भाजलं, कापलं, चप्पल चावली तरी कळत नाही. बोटं रोगाने ‘झडत’ नाहीत. वेदनाच न कळल्याने जखमांकडे दुर्लक्ष होतं, त्या चिघळतात आणि हाडापर्यंत जातात. आनंदवनासारख्या संस्था ज्यांच्यासाठी उभ्या राहिल्या, त्या माणसांना समाजाने बाहेर टाकलं ते मुळात एका मज्जातंतूच्या आजारापायी. आज याची औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळतात आणि रोग पूर्ण बरा होतो. बधिर चट्टा दिसला तर लपवू नका.

जीबीएस २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात घराघरात पोचलं. दूषित पाण्यातून पोटात जाणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय या जंतूवर तुटून पडलेली प्रतिकारशक्ती, काही जणांत, त्या जंतूशी साम्य असलेल्या स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. जुलाबानंतर आठवडाभराने-दोन आठवड्यांनी पायात अशक्तपणा येतो, तो वर चढतो आणि काहींचा श्वासही अडतो. इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलणं हे उपचार वेळेवर मिळाले तर बहुतेक जण सावरतात, पण त्याला आठवडे, कधी महिने लागतात. आजार संसर्गजन्य नाही. रुग्णाशेजारी बसल्याने होत नाही.

मांडी घालून बसल्यावर पायाला मुंग्या का येतात? आणि मधुमेहात?

बसल्यावर मज्जातंतू दाबला जातो, त्याचा रक्तपुरवठा कमी होतो आणि निरोप अडतात. दाब सुटला की तंतू अस्ताव्यस्त निरोप पाठवू लागतात, त्या मुंग्या. यात काळजीचं काही नाही.

मुंग्या रोज येत असतील तर कुठे येतात ते पाहा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि रात्री जास्त: मनगटात मज्जातंतू दाबला जातोय. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट: बिघाड कोपराशी. दोन्ही तळपायांतून सुरुवात होऊन मोजे चढवल्यासारखं वर सरकतंय: साखर तपासा. मधुमेहात सगळ्यात लांब तंतूंना आधी मार बसतो, म्हणून पाय आधी बधिर होतात. मधुमेहींनी रोज रात्री उजेडात तळपाय पाहावेत, न दिसल्यास आरसा धरावा. शाकाहारी घरांत बी १२ कमी असण्याचं प्रमाण मोठं आहे. मायलिन राखायला ते लागतं, आणि कमतरता साध्या रक्ततपासणीत कळते.

परीक्षेच्या आधी पोटात गोळा का येतो?

हृदय, आतडी, घाम, बाहुल्या यांचा कारभार स्वायत्त मज्जासंस्थेकडे आहे. तिचा एक भाग धोक्यासाठी शरीर सज्ज करतो: रक्त स्नायूंकडे वळतं, पचन थांबतं. दुसरा शांततेचा, त्यात व्हेगस मुख्य. हृदयाची स्वतःची लय मिनिटाला १०० च्या आसपास असते. विश्रांतीत ती ७०-७५ वर येते कारण व्हेगस सतत लगाम खेचत असतो. आतड्यांच्या भिंतींत तर कोट्यवधी चेतापेशींचं स्वतःचं जाळं आहे. दीर्घ, संथ उच्छ्वासाने व्हेगसचा प्रभाव वाढून नाडी उतरते, हे बोटं मनगटावर ठेवून स्वतः तपासता येतं.

तुटलेला मज्जातंतू पुन्हा जुळतो का?

हातापायातला जुळू शकतो. पेशीचं मुख्य अंग जिवंत असेल तर तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. मनगटाशी कापलेल्या तंतूला बोटाच्या टोकापर्यंत पोचायला म्हणूनच महिने लागतात. मेंदू आणि मज्जारज्जूतले तंतू असे वाढत नाहीत. तिथे शेजारच्या पेशी कामाचा वाटा उचलायला शिकतात, आणि त्या शिकतात फक्त सरावाने. म्हणून लकव्यानंतर फिजिओथेरपी चुकवायची नाही.

कुणाला फिट आली तर काय करावं?

फिट म्हणजे मेंदूतल्या असंख्य पेशी एकाच वेळी नको तितके निरोप सोडू लागतात. त्या माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, आसपासच्या टोकदार वस्तू दूर करा, घड्याळ पाहा. तोंडात चमचा, बोट, पाणी घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने फिट थांबत नाही. ती एक-दोन मिनिटांत आपली आपणच थांबते आणि श्रेय कांद्याला जातं. पाच मिनिटांहून जास्त चालली, लागोपाठ आली किंवा पहिल्यांदाच आली तर रुग्णालयात न्या.

दाखवायचं कुणाला, आणि सोबत काय न्यायचं?

लकवा, फिट, कंपवात, मुंग्या, जुनी डोकेदुखी यांसाठी न्यूरोलॉजिस्ट. गाठ, अपघातातला मार, शस्त्रक्रिया लागेल असा मणक्याचा त्रास असेल तर न्यूरोसर्जन. उदासी, भास, सततची चिंता यांसाठी मानसोपचारतज्ज्ञ. जुने रिपोर्ट आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या, आयुर्वेदिक असतील तीही. फिट किंवा हाताची थरथर अधूनमधून होत असेल तर घरच्यांनी मोबाइलवर व्हिडिओ घेऊन ठेवावा. रुग्ण डॉक्टरांसमोर बसलेला असतो तेव्हा ती थरथर नेमकी थांबलेली असते, आणि तीस सेकंदांचा तो व्हिडिओ पुष्कळदा महागड्या स्कॅनपेक्षा जास्त सांगून जातो.